साडेपंचवीस दिवसांचा हिशेब

पत्र:

ताई, माझं वय ३७. चिंचवडला राहतो, एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. बायको शाळेत शिकवते, मुलगी सात वर्षांची. घरी प्लेस्टेशन आहे. डिसेंबरात त्याचा वर्षभराचा आढावा आला, 'रॅप-अप' म्हणतात तो. १९ खेळ, ६१२ तास. मी हौसेने टीव्हीवर लावला. बायको मेथी निवडत बसली होती. तिने मोबाइलवर भागाकार केला आणि म्हणाली, "साडेपंचवीस दिवस. आणि ऑक्टोबरात मला म्हणालास, गावी जायला सुट्टी नाही." त्यानंतर ती त्यावर एक शब्द बोललेली नाही, आणि तेच जास्त लागतंय. गाव निफाड तालुक्यात, नानांची अडीच एकर द्राक्षबाग. छाटणीला चार दिवस ये म्हणत होते. मेहुणा म्हणतो, तुझ्यासारख्यांसाठीच सरकारने कायदा आणलाय.

सगळ्यात जास्त वेळ फुटबॉलच्या एका खेळात गेला, २४१ तास. त्यात खेळाडूंची पाकिटं घ्यायला ९,४०० रुपये गेलेत, हे घरी माहीत नाही. १४८ तास स्टारड्यू व्हॅलीत, म्हणजे शेतीच्या खेळात. हसू नका. मुलगी शेजारी येऊन बसते, कोंबड्यांची नावं तीच ठेवते. एकीचं नाव चकली. ११७ तास एल्डन रिंगमध्ये. त्यातली मलेनिया नावाची महाकठीण शत्रू हरली तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते, मी एकट्यानेच हळू टाळ्या वाजवल्या. बाकीचे तास किरकोळ. मी व्यसनी आहे का? विकून टाकू का सगळं? की वर्ष वाया गेलं एवढं कबूल करून गप्प बसू?

उत्तर:

हसले, खोटं कशाला बोलू. बागायतदाराचा मुलगा चिंचवडच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून टीव्हीवरच्या शेताला पाणी घालतोय, हे डोळ्यांपुढे आलं आणि हसूच फुटलं. पण पत्र पुन्हा वाचलं तेव्हा वाटलं, तुमच्या ६१२ तासांतले सगळ्यात चांगले तास बहुतेक तेच असावेत. त्याकडे येते. आधी तो आकडा.

६१२ भागिले ३६५ केलं तर दिवसाला एक तास चाळीस मिनिटं होतात. साडेपंचवीस दिवस म्हटलं की माणूस महिनाभर परागंदा होता असं वाटतं, आणि एक तास चाळीस मिनिटं म्हटलं की जेवणानंतरचा टीव्ही वाटतो. दोन्ही खरं. तुम्ही अकाउंट्सवाले, एकच रक्कम कशी मांडली की ताळेबंद कसा दिसतो, हे मी तुम्हाला शिकवायला नको. आयपीएलचे ७४ सामने असतात. एकेक साडेतीन तासांचा धरला तर २५९ तास झाले, तेही दोन महिन्यांत. तुमचे मेहुणे ते सगळे बघत असतील तर (आणि असे मेहुणे माझ्याही ओळखीत आहेत) त्यांना कुणी भागाकार करून दाखवलेला नाही, इतकंच. शिवाय या मीटरवर फार विसंबू नका. खेळ उघडा ठेवून तुम्ही जेवायला उठलात, कुणाचा फोन आला म्हणून गॅलरीत गेलात, तरी ते आपलं पळतच असतं, सिग्नलला थांबलेल्या रिक्षासारखं.

मेहुण्यांच्या कायद्याचंही उरकून टाकू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला त्यातली बंदी पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर आहे, रमी वगैरे. घरात बसून ड्रॅगन मारणारा माणूस त्यात येत नाही. हे त्यांना सांगा किंवा सांगू नका. मेहुणे कायदा वाचून बोलत नसतात.

आता 'व्यसनी आहे का' हा प्रश्न. तो तुम्ही थट्टेने विचारलेला नाही, म्हणून मीही नीट उत्तर देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर' नावाची नोंद आहे. ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्या नोंदीत तासांचा आकडा शोधून सापडणार नाही. तिथे बघतात ते वेगळंच: खेळायला कधी बसायचं आणि कधी उठायचं हे हातात राहिलंय का, बाकीच्या आवडी आणि रोजची कामं खेळामागे ढकलली जातायत का, आणि नुकसान दिसत असूनही ते तसंच चाललंय का. तेही घर, नोकरी, नाती यांना चांगलाच धक्का बसेल इतकं, आणि साधारण बारा महिने तरी. पत्रावरून निदान करणारी माणसं मला आवडत नाहीत, त्यामुळे मी ते करणार नाही. पण वरच्या गोष्टी वाचून तुमच्या पोटात खड्डा पडला असेल, तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा फोन आहे. सरकारी, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसोपचार संस्थेत तर याच विषयाचं 'शट' क्लिनिक २०१४ पासून चालू आहे. फोन करणं म्हणजे वेड लागलं असं काही नाही, हे एका शिक्षिकेच्या नवऱ्याला सांगावं लागू नये.

पोटात खड्डा पडला नसेल तर पुढे वाचा.

तुम्हाला आलेला आढावा हा कंपनीने केलेला हिशेब आहे. लोकांनी तो मिरवावा म्हणूनच तो रंगीत असतो, आणि तुम्ही मिरवलातही. त्यात कुठला खेळ किती तास, हे आहे. कुठला तास कशाच्या ऐवजी गेला, हे नाही, आणि ते त्यांना कळणारही नाही. ते तुम्हाला काढावं लागेल, आणि काढता येतं. तुमच्या प्लेस्टेशनवर प्रत्येक ट्रॉफीपुढे (खेळातला टप्पा गाठला की मिळते ती) ती मिळाल्याची तारीख आणि वेळ असते. सेव्ह केलेल्या फाइलवरही असते. एक रविवार काढा, साधी दोनशे पानी वही घ्या आणि ट्रॉफीची यादी वरून खाली वाचत जा. प्रत्येक तारखेपुढे लिहा: त्या दिवशी घरात कोण होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी किती वाजता उठलो, आणि तेव्हा खेळायचं होतं की नुसतं उठायचं नव्हतं. वर्षभराच्या बँक स्टेटमेंटला खतावणी लावताना करता तसंच, फक्त खाती वेगळी.

हे मी स्वतः करून बघितलंय म्हणून सांगते. माझ्या मोबाइलवर बालाट्रो आहे, पोकरच्या पत्त्यांचा. एका माणसाने बनवलेला, २०२४ चा, आणि भयंकर चिकट. पुणे-मुंबई गाडीत खिडकीशी बसून खेळलेले माझे तास मला अजून आठवतात. कर्जतला वडा घ्यायचा राहिला होता, इतकी रंगले होते. आणि रात्री साडेबाराला 'हा शेवटचा डाव' म्हणत खेळलेले तास? त्यातला एकही डाव आठवत नाही. खेळ तोच, पत्ते तेच, बाई तीच.

तुमच्या वहीत हीच दोन खाती पडतील आणि ती खेळांच्या नावांप्रमाणे पडणार नाहीत, हे लक्षात ठेवा. तरी फुटबॉलबद्दल माझं मत वही भरण्याआधीच सांगते, कारण तिथे माझी शंका दाट आहे.

लहानपणी च्युइंगगमच्या वेष्टणात क्रिकेटपटूंची चित्रं यायची. हवा असायचा कपिल आणि निघायचा तोच तो यष्टिरक्षक, ज्याची आपल्याकडे आधीच सहा चित्रं. तुमची ९,४०० रुपयांची पाकिटं म्हणजे तेच, फक्त गम नाही. त्यातून उलट वाईट असं की नवी आवृत्ती आली की तुमचा जमवलेला संघ मागच्या आवृत्तीत राहतो आणि नव्यात तुम्ही पुन्हा शून्यावर. आमची चित्रं निदान पत्र्याच्या डब्यात उरली. आत काय निघेल हे न सांगता पैसे घ्यायच्या या पद्धतीला बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्येच जुगार ठरवलं होतं. मी काही बेल्जियमची नाही, पण तुमच्या पत्रातली एकच गोष्ट तुम्ही घरी लपवलीत आणि ती नेमकी हीच आहे. ६१२ तास टीव्हीवर मोठ्या अक्षरांत लावलेत आणि ९,४०० रुपये दडवलेत. म्हणजे कुठल्या आकड्याची लाज वाटायला हवी, हे तुमचं तुम्हाला आधीच कळलेलं होतं.

आणि मग तो ऑक्टोबर.

फुटबॉलच्या या खेळांची नवी आवृत्ती सप्टेंबरअखेरीला येते. नवी आवृत्ती, रिकामा संघ, पहिल्या आठवड्यांत सगळेच नव्याने उभं करत असतात, तेव्हा मागे पडायचं नसतं. द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची, त्याच सुमाराला असते, हे मी निफाडच्या माणसाला काय सांगायचं. तुमच्या ट्रॉफ्या मी पाहिलेल्या नाहीत, पण वहीत ऑक्टोबरचं पान सगळ्यात गच्च निघेल अशी पैज लावायला तयार आहे. 'सुट्टी नाही' हे कदाचित खरंही असेल. कारखान्यात सहामाही हिशेबाची घाई असते, मान्य. पण तुमच्या पत्नीने तेव्हा ते खरं मानलं होतं, आणि डिसेंबरात मेथी निवडता निवडता तिच्या मनात दोन तारखा शेजारी शेजारी आल्या. तिचं वाक्य पुन्हा वाचा. त्यात खेळाबद्दल तक्रार कुठेय? मला तरी दिसत नाही. 'मला म्हणालास' हा दोन शब्दांचा तुकडा त्यातला जड आहे. त्यामुळे 'दिवसाला फक्त एक तास चाळीस मिनिटं होतात' हा माझा वरचा युक्तिवाद कृपा करून घरी वापरू नका. तो मेहुण्यांसाठी होता.

आता शेती. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्टारड्यू व्हॅली हा खेळ एरिक बॅरोन नावाच्या माणसाने एकट्याने बनवला. चित्रं, संगीत, संवाद, सगळं. साडेचार वर्षं लागली, २०१६ च्या फेब्रुवारीत आला. सुरुवातीला आजोबा अंथरुणावर आहेत, ते नातवाला एक बंद पाकीट देतात आणि सांगतात, आत्ता नको, पुढे शहरातल्या रहाटगाडग्याला कंटाळशील तेव्हा उघड. मग ऑफिसातल्या खुराड्यात बसलेला नातू ते उघडतो, आत शेताची कागदपत्रं. अकाउंट्समधल्या माणसाला हा खेळ का धरून ठेवतो, यावर मी मानसशास्त्र लिहीत बसणार नाही.

त्या शेतात सकाळी सहाला दिवस उगवतो आणि रात्री दोनला माणूस जिथे असेल तिथे कोसळतो. हा अख्खा दिवस आपल्या चौदा मिनिटांचा. २८ दिवसांचा एक ऋतू, चार ऋतूंचं वर्ष, म्हणजे तिथलं वर्ष आपल्या साधारण २६ तासांत संपतं. द्राक्षं तिथेही आहेत. शरदात लावायची, दहा दिवसांत घड. आपल्या घड्याळाने दोन तास वीस मिनिटं. संध्याकाळी पेटीत टाकली की सकाळी पैसे जमा, एका द्राक्षाला ८० नाणी, दर ठरलेला. डाऊनी, भुरी असले रोग नाहीत. कावळे येतात, पण एक बुजगावणं उभं केलं की काम भागतं. आणि सगळ्यात कहर म्हणजे, तिथल्या द्राक्षाच्या मांडवातून चालता येत नाही, भिंतीसारखा आडवा येतो. हे नानांना सांगाल तेव्हा त्यांचं तोंड कसं होतं ते मला कळवा.

कारण सांगायचंच आहे. तुमच्या नानांनी ऑक्टोबरात छाटणी केली असेल, वेलीच्या डोळ्यांना पेस्ट लावली असेल, मग फुटवे काढणं, घड औषधात बुडवायचं डिपिंग, मणी विरळ करायचं थिनिंग, आणि रोज आभाळाकडे बघणं. २०२५ मध्ये तर मेअखेरीलाच मान्सून मुंबईत येऊन थडकला होता. आत्ता तुम्ही हे वाचताय तेव्हा मणी फुगत असतील किंवा व्यापारी बांधावर येऊन भाव पाडत असेल. साडेतीन-चार महिन्यांचं पीक, आणि पेटीत टाकलं की सकाळी पैसे असं काही नाही. तुम्हाला हे सगळं माझ्यापेक्षा शंभर पटीने माहीत आहे. म्हणूनच १४८ तास तुम्ही शेतच निवडलंत, गाड्या किंवा बंदुका नव्हेत, हे मला फार बोलकं वाटलं. लोक म्हणतील, खरी बाग सोडून खोटी धरली. मी तसं म्हणत नाही. जे शेत सोडून आल्याचं मनात सलतं, तिथे रात्री अर्धा तास चक्कर मारून यावी असं वाटणं हा काही गुन्हा नाही. फक्त टीव्हीतल्या शेताचा मालक फोन उचलत नाही, आणि निफाडचा उचलतो.

एक करा. कंट्रोलर दुसरा असेलच, नसला तर घ्या. हा खेळ एकाच टीव्हीवर पडदा दुभागून दोघांना खेळता येतो. आजवर चकलीची मालकीण शेजारी बसून नावं ठेवते आहे, तिला हातात कंट्रोलर द्या आणि स्वतःचा वाफा द्या. ती पहिल्या दिवशी सगळं बी एकाच कोपऱ्यात टाकेल, पाणी घालायचं विसरेल, मासे पकडायला जाईल. टोकू नका. तुम्ही नानांच्या बागेत सात वर्षांचे असताना काय काय केलं होतं ते आठवा आणि तिला ते सांगत बसा. वेळ जेवणाआधीची ठेवा, झोपेच्या वेळची नको.

एल्डन रिंगचं मला फार काही म्हणायचं नाही. ११७ तास हा त्या खेळाला काही जास्त वेळ नव्हे. ती मलेनिया आपल्याला मारता मारता स्वतःच्या जखमा भरून घेते, ढाल पुढे केली तरी. अशा बाईला हरवलंत, अभिनंदन. मी मनापासून म्हणते आहे. मात्र ती पावणेदोनची एकट्याची हळू टाळी वाचून मला वेगळंच आठवलं.

१९९२ चा उन्हाळा, कराड. दादाने वर्गमित्राकडून टीव्हीला जोडायचा गेम आणला होता, आठ दिवसांच्या बोलीवर, तो जूनपर्यंत राहिला. पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं '९९९९९९९ इन १', आत खरे खेळ मोजून सात. चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. अडॅप्टर इतका तापायचा की आई त्याच्यावर ओलं फडकं टाकायला निघाली होती. आम्ही काँट्रा खेळायचो, दादा आणि मी. तिसऱ्या टप्प्यात धबधबा लागतो, तिथे वर वर उड्या मारत जायचं असतं. दादा भराभर वर जायचा, पडदा त्याच्याबरोबर वर सरकायचा आणि खाली राहिलेली मी फुकट मरायचे. गोळी नाही, शत्रू नाही, नुसती मागे राहिले म्हणून. मी रडून आकांत करायचे, मागे बसलेली शेजारची सहा पोरं "थांब की रे तिच्यासाठी" म्हणून ओरडायची. एकदा तो थांबला. आम्ही दोघं वर पोचलो तेव्हा वाड्यात जो गलका झाला, तो ऐकून खालचे काका काय झालं म्हणून वर आले. त्या उन्हाळ्याचा आढावा आम्हाला कुणी पाठवला नाही. पाठवला असता तर आईनेही भागाकार केला असता, आणि गेम मेमध्येच माळ्यावर गेला असता.

तुमच्या टाळीला ऐकणारं कुणी नव्हतं, एवढंच मला खुपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला तरी सांगायचं होतंत. पत्नीला त्यातलं काही कळलं नसतं, पण इतके दिवस कुठल्या बाईशी भांडण चाललं होतं ते तरी समजलं असतं.

उरलेले तास तुम्ही 'किरकोळ' म्हणून उडवलेत. बेरीज केली तर ते १०६ होतात, सोळा खेळांचे मिळून. सेलमध्ये घेतलेले, वर्गणीत फुकट आलेले, दोन तास चाखून सोडलेले. लग्नातल्या बुफेत ताट भरून घ्यावं तसं. कॉम्प्युटरवरचे खेळ विकणाऱ्या स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानाने २०२४ च्या आढाव्यात सांगितलं होतं की त्यांच्याकडचा मधला, म्हणजे यादीत बरोबर मध्यावर येणारा, खेळाडू वर्षाला चारच खेळ खेळतो, आणि लोकांच्या वेळातला फक्त १५ टक्के वेळ त्या वर्षीच्या नव्या खेळांवर जातो. लोक जुनंच पुन्हा पुन्हा खेळतात. तेव्हा नवीन वर्षात सेलकडे पाठ फिरवलीत तर काही चुकणार नाही. या सोळांत पुण्यातल्या मंडळींनी केलेला 'राजी' असेल तर तो मात्र पुरा करा. पाच-सहा तासांचाच आहे, आणि कन्येला भावाला शोधत निघालेली नायिका आवडेल, जरा मोठी झाल्यावर.

विकून टाकू का, असं विचारलंत. नको. रागाच्या भरात विकलेली वस्तू पाडवा येईपर्यंत दुप्पट भावाने परत येते, आणि तोवर तुम्ही मोबाइलवर काहीतरी बंडल खेळत बसाल. त्याऐवजी फुटबॉलचा तेवढा खेळ काढून टाका. नुसता बंद नको, डिलीट. आणि खात्याला जोडलेलं बँकेचं कार्ड आज रात्री काढा. पुढच्या वेळी पाकीट घ्यायची सुरसुरी आली तर उठून, दुसऱ्या खोलीतून पर्स आणून, सोळा आकडे टाकावे लागतील. तेवढ्या वेळात माणूस बहुधा शुद्धीवर येतो.

आता सगळ्यात अवघड काम. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात तुमच्या वर्षाचे तास खेळागणिक आहेत. पत्नीबद्दल मला एवढंच कळलं की त्या शाळेत शिकवतात आणि मेथी निवडत होत्या. वर्षभरात त्यांचे स्वतःचे, कुणालाही न देता फक्त आवडीचे असे किती तास होते? त्यांना डिसेंबरात रंगीत आढावा पाठवणारं कुणी नाही. पाठवला तर त्यात काय निघेल? वह्या तपासल्या, डबे भरले, मुलीचा अभ्यास. हे मी तुम्हाला टोमणा म्हणून लिहीत नाही, खरंच विचारा. आणि विचारताना उत्तर तयार ठेवून विचारू नका. त्यांना हव्या त्या दोन संध्याकाळी आठवड्याला मोकळ्या करून द्यायच्या तर भाजी, ओटा आणि पोरीचा गृहपाठ तुमच्याकडे येईल. तेवढं झाल्यावर तुमचे तास आपोआप किती उरतात ते बघू. मला वाटतं बरेच उरतील, आणि ते चोरीचे वाटणार नाहीत.

वर्ष वाया गेलं का, हे मी सांगणार नाही, वही सांगेल. त्यातली एखादी ओळ तुम्हाला पुन्हा वाचावीशी वाटली तर ती ठेवा.

आणि निफाडला जा. छाटणी हुकली, पण फेब्रुवारीत तोडणी आहे, चार दिवसांची रजा आत्ताच टाका, अर्जाची तारीख पत्नीला दाखवा. मुलीला घेऊन जा. क्रेटला कागद लावायचं काम सात वर्षांच्या पोरीला झकास जमतं. रात्री नानांना तिच्याकडूनच सांगू द्या की टीव्हीतल्या मांडवाखालून चालता येत नाही म्हणून.

जाता जाता एक. ते ९,४०० रुपये पत्नीला गाडीत सांगा, नाशिकच्या आधी, सिन्नरच्या आसपास. तिथून परत फिरणं कुणालाच परवडत नाही. आणि 'सदरातल्या ताईंनी सांगायला सांगितलं' असं मात्र म्हणू नका. स्वतःहून सांगतोय असं दिसू द्या.